व्हेनिसचे चार घोडे



गावातला कोणी काशीयात्रा करून परतला की मावंदे घालण्याची आपल्याकडे चाल होती. यात्रेकरू गंगेचे गडू घेऊन येई, गाव जेवायला बोलावी, आणि पंगत उठल्यावर ओसरीवर बसलेली मंडळी सुपारी कातरता कातरता विचारीत, "मग, काय काय पाहिलंत?" आता काशीच्या जोडीला युरोपची यात्रा आली आहे. तालुक्याच्या गावीसुद्धा सहल कंपन्यांच्या पाट्या दिसतात. दहा दिवसांत सहा देश! निवृत्त शिक्षक जातात, द्राक्षबागायतदार जातात, मुलगा परदेशी असलेले आईबाप तर जातातच. त्यांची थट्टा करण्याचा माझा मुळीच विचार नाही. माणसाने हिंडावे. पण परत आलेल्यांना विचारून पाहा, की तिथल्या मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत काय पाहिलेत? बहुतेक जण सांगतील, "फार मोठं होतं हो. पाय दुखले."

पाय दुखतात हे खरेच आहे. मी आणि माझी पत्नी असे दोघे गेल्या काही वर्षांत दोनदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जाऊन आलो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचा धाकटा भाऊ जर्मनीत म्युनिक शहरी नोकरीला असतो, त्यामुळे राहण्या-जेवण्याची चिंता नव्हती. त्याच्या घरून आगगाडीने दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या लहान सहली आम्ही केल्या. एक खेप व्हेनिसची, एक पॅरिसची, आणि दुसऱ्या वर्षी, वेगळा परवाना काढून, लंडनची. पत्नीने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता : एका दिवशी एकच संग्रहालय, आणि त्यातही पिशवीतल्या दशम्या संपेपर्यंतच. या नियमामुळे आम्ही फार थोडे पाहिले. पण जे पाहिले त्यापुढे उभे राहायला वेळ मिळाला. त्यातल्याच एका हकिकतीविषयी आज सांगणार आहे.

व्हेनिस हे पाण्यात उभे असलेले शहर. रस्त्यांच्या जागी कालवे, गाडीच्या जागी नाव. शहरात आज घोडा औषधालाही सापडायचा नाही. आणि मौज अशी की त्या शहराची सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे चार घोडे! सेंट मार्क यांचे जे थोर मंदिर आहे, त्याच्या दर्शनी भागावर मुख्य दाराच्या वर, सज्जावर हे घोडे उभे आहेत. खाली चौकात हजारो माणसे माना वर करून त्यांची छायाचित्रे घेत असतात. पण ते घोडे नकली आहेत, बरं का! खरे घोडे आत, माडीवर आहेत. आपल्या गडावरच्या असाव्यात तशा उंच आणि अरुंद पायऱ्या चढून गेले की एका दालनात ते दिसतात. कारखान्यांच्या धुराने आणि खाऱ्या हवेने धातू खराब होऊ लागला, म्हणून १९८० च्या सुमारास अस्सल घोडे आत घेतले व बाहेर त्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या.

आत शिरल्यावर आधी काही बोलवेनाच. चारही घोडे जिवंत जनावराच्या मापाचे. प्रत्येकाचा एक पुढचा पाय उचललेला, माना दोन-दोनच्या जोडीने एकमेकांकडे वळलेल्या, जणू रथाला जुंपून नुकतेच थांबवले आहेत. नाकपुड्या फुगलेल्या, कपाळावरच्या शिरा दिसतात. बैलपोळ्याच्या दिवशी ज्याने खिल्लारी जोडी न्याहाळली आहे, त्याला हे कारागिराचे काम लगेच कळेल. या माणसाने जनावर रोज पाहिलेले आहे, हाताळलेले आहे, हे त्या मूर्तीकडे पाहूनच समजते.

धातूविषयी थोडे सांगतो, कारण ओतकाम करणारे कारागीर आपल्याकडेही आहेत. या घोड्यांत शेकडा ९६ हून अधिक तांबे आहे. एवढे निव्वळ तांबे ओतणे महाकठीण. त्यात कथील मिसळले तर ते लवकर वितळते आणि साच्यात नीट पसरते. मग हा खटाटोप कशासाठी? तर सोन्याच्या मुलाम्यासाठी. पाऱ्यात सोने कालवून ते धातूवर लावायचे आणि तापवून पारा उडवून द्यायचा, ही जुनी रीत. तिला शुद्ध तांबे मानवते. म्हणजे घोडे मुळापासूनच सोन्याने चमकावेत अशा बेताने घडवलेले. अजूनही जागोजागी ते सोने दिसते. ते घडवले केव्हा, यावर मात्र पंडितांत एकमत नाही. कोणी ख्रिस्तपूर्व चौथे शतक सांगतो, कोणी इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक. पाच-सहाशे वर्षांचा फरक!

आम्ही दोघे त्यांच्यापुढे बराच वेळ उभे होतो. पत्नी म्हणाली, "अहो, पण ज्या गावात घोडा चालत नाही, त्या गावाने घोडे कशाला घडवले?"

शिक्षकाचा प्रश्न, आणि अगदी नेमका. व्हेनिसने ते घडवलेच नव्हते. आणले होते. आणि आणले होते ते लुटून.

त्याची हकिकत अशी. इसवी सन १२०२ मध्ये पश्चिम युरोपातले सरदार चौथ्या धर्मयुद्धाला निघाले. जेरुसलेम मुसलमानांच्या ताब्यातून सोडवायचे, असा संकल्प. समुद्रापार जायला गलबते हवीत, ती व्हेनिसने द्यायची आणि त्याचे ८५,००० मार्क चांदी घ्यायची, असा करार झाला. पण ठरली होती तितकी माणसे जमली नाहीत, आणि पैसाही जमला नाही. सरदार कर्जात बुडाले. व्हेनिसचा प्रमुख त्या वेळी एनरिको दांदोलो नावाचा वृद्ध होता. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी अंध, पण बुद्धीने फार तल्लख. त्याने ऋणकोंना मार्ग दाखवला. आधी समुद्रकाठचे झारा हे शहर मारून द्या. ते शहर ख्रिस्तीच होते. तेही झाले. पुढे कॉन्स्टंटिनोपलच्या गादीवरून हाकललेल्या घराण्याच्या एका राजपुत्राने पैशाचे आमिष दाखवले आणि आरमार तिकडे वळले. राजपुत्राच्याने पैसा पुरा झाला नाही, आणि १२०४ च्या एप्रिलमध्ये क्रूस छातीवर लावून निघालेल्या या सैन्याने पूर्वेकडची सर्वांत मोठी ख्रिस्ती राजधानी तीन दिवस लुटली. सावकाराचे देणे फेडण्यासाठी ऋणकोने सावकाराच्याच सल्ल्याने तिसऱ्याच्या वाड्यावर दरोडा घालावा, तसा हा प्रकार. दांदोलो पुढच्याच वर्षी तिथेच वारला.

कॉन्स्टंटिनोपल म्हणजे आजचे इस्तंबूल. तिथे रथांच्या शर्यतीचे एक प्रचंड मैदान होते. हे चार घोडे त्या मैदानावरचे. व्हेनिसच्या वाट्याला जी लूट आली तिच्यात ते आले. मंदिरावर ते केव्हा चढले हे कशावरून कळते? त्याच मंदिराच्या डाव्या टोकाच्या दारावर रंगीत खड्यांचे एक चित्र आहे, १२६५ च्या आसपासचे. त्यात मंदिराचेच चित्र काढलेले आहे, आणि त्या चित्रातल्या मंदिरावर हे चार घोडे उभे आहेत! इतिहासाच्या शिक्षकाने असा पुरावा पाहिला की त्याला पक्वान्नाहून गोड वाटते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे घोडे कॉन्स्टंटिनोपलचे. पण थांबा. ती नगरी कॉन्स्टंटाइन बादशहाने ३३० साली राजधानी म्हणून वसवली, आणि तिला शोभा यावी म्हणून ग्रीस व रोमच्या जुन्या नगरांतल्या मूर्ती, स्तंभ उचलून आणले. त्या मैदानात आजही डेल्फीच्या देवस्थानातून आणलेला सर्पस्तंभ उभा आहे. घोडेही बहुधा असेच कुठून तरी आलेले. बैलाचा मूळ मालक शोधत आपण बाजारामागून बाजार मागे जावे आणि प्रत्येक बाजारात नवी पावती निघावी, तशातली गत.

व्हेनिसमध्ये घोडे जवळजवळ सहाशे वर्षे राहिले. मग नेपोलियन आला. १७९७ च्या मे महिन्यात व्हेनिसचे हजार वर्षांचे प्रजासत्ताक त्याच्यापुढे कोसळले, आणि डिसेंबरात फ्रेंचांनी घोडे खाली उतरवून पॅरिसच्या वाटेला लावले. पुढच्या वर्षीच्या जुलैत पॅरिसमध्ये इटलीतून आणलेल्या वस्तूंची मिरवणूक निघाली. गाड्यांवर चित्रे, मूर्ती, दुर्मिळ पोथ्या. जोडीला पिंजऱ्यातले सिंह आणि उंटसुद्धा! त्या मिरवणुकीत हे घोडे होते. पुढे नेपोलियनने आपल्या विजयाची कमान उभारली, कारुझेलची कमान, आणि तिच्या माथ्यावर ते चढवले.

ती कमान आम्ही पाहिली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोरच ती आहे. तिच्यावर आजही चार घोडे दिसतात, पण ते दुसरे. अस्सल परत गेल्यावर एका फ्रेंच मूर्तिकाराकडून करवून घेतलेले. प्रवासी त्यांच्याखालून आइस्क्रीम खात जातात.

लूव्रविषयी मात्र आदराने बोलले पाहिजे. तो आधी राजांचा किल्ला, मग राजांचा वाडा. त्या वाड्यातली चित्रे पाहायला सामान्य माणसाला मज्जाव. राज्यक्रांती झाली, राजेशाही पडली, आणि तिच्या पहिल्या वाढदिवशी, १० ऑगस्ट १७९३ रोजी, या वाड्याचे दरवाजे प्रजेला उघडण्यात आले. भिंतींवर ५३७ चित्रे होती. चांभार, कोष्टी, भाजीवाली, कोणीही यावे आणि राजाने एकट्याने पाहिलेले आता सर्वांनी पाहावे. जगाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे. आज आपल्या मुंबईच्या किंवा नागपूरच्या संग्रहालयात खेड्यातली मुले रांगेने जातात, त्यामागेही हीच कल्पना आहे.

पण त्याच क्रांतीच्या लोकांनी तिच्या पोटातून दुसरी कल्पना काढली. कला ही स्वातंत्र्याची कन्या, आम्ही स्वतंत्र, तेव्हा जगातली उत्तम कला आमच्याच घरी शोभते! बोलायला हे फार भव्य होते, आणि त्याच्या पाठीशी तोफा होत्या. विशेष हे की फ्रान्समध्येच एक माणूस या विरुद्ध उभा राहिला. कात्रमेर द कँसी हे त्याचे नाव. १७९६ साली त्याने पत्रे प्रसिद्ध केली. इटलीतली कला तिथल्या डोंगरांपासून, रस्त्यांपासून, उजेडापासून तोडली तर तिचा अर्थच जाईल, असे त्याचे म्हणणे. सेना विजयी होत असताना स्वतःच्याच देशात असे लिहायला छाती लागते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा शूर तोच. पुस्तकांत त्याचे नाव कोपऱ्यात येते.

लूव्रमध्ये आमच्या पत्नीच्या नियमाप्रमाणे एकच दालन पाहायचे होते. ज्यात मोनालिसा आहे तेच निवडले. आषाढीला पंढरपुरात नामदेव पायरीशी होते तशी गर्दी. माणसे चित्राकडे पाहतच नव्हती, हातातल्या फोनकडे पाहत होती. आम्ही पुढे सरकत सरकत पोहोचलो, दोन क्षण पाहिले, आणि लोंढ्याने बाजूला निघालो. तेवढ्यात पत्नीने मागे वळून पाहिले. "अहो, इकडे बघा तरी!" मोनालिसाच्या अगदी समोरच्या भिंतीवर, सगळ्या गर्दीच्या पाठीशी, एक चित्र होते. जवळजवळ दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच. एक लग्नाची पंगत! वाढपी, वाजंत्री, कुत्री, मांजर, सज्जावरून वाकून पाहणाऱ्या बाया. शंभराहून अधिक माणसे. हे व्हेरोनेझेचे 'काना गावचे लग्न'. येशूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षरस केला, तो प्रसंग. व्हेनिसच्या एका मठातील जेवणघरासाठी १५६२-६३ साली ते रंगवले. भिक्षू खाली जेवायला बसले की वर भिंतीवर ही पंगत. चित्र आणि जागा यांचा असा मेळ. १७९७ मध्ये फ्रेंचांनी ते भिंतीवरून काढले, कापले, गुंडाळले आणि पॅरिसला नेले.

घोडे परत गेले, पण हे गेले नाही. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१५ साली ज्यांचे त्यांना परत करण्याचे ठरले. पोपने कॅनोव्हा या प्रख्यात मूर्तिकाराला पॅरिसला पाठवले. फ्रेंच अधिकाऱ्यांनी शक्य तितकी टाळाटाळ केली. कारुझेलच्या कमानीवरून घोडे उतरवताना पॅरिसकरांचा संताप एवढा की सैन्याने चौक बंद करून ठेवला. इटलीतून नेलेल्या चित्रांपैकी सुमारे निम्मी परतली, बाकीची राहिली. 'काना'चे चित्र फार मोठे, प्रवासात खराब होईल, असे कारण पुढे आले आणि बदल्यात दुसरे एक फ्रेंच चित्र व्हेनिसला धाडले. येताना ते एवढे मोठे नव्हते काय? पण असो. २००७ साली त्याची हुबेहूब प्रत करून व्हेनिसच्या त्या जेवणघरात बसवली आहे.

या दालनातली आणखी एक गंमत सांगतो. मोनालिसा मात्र लुटीची नाही. चित्रकार लिओनार्दो स्वतःच १५१६ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या बोलावण्यावरून तिकडे गेला, तिथेच १५१९ मध्ये वारला, आणि ते चित्र राजाच्या संग्रही आले. १९११ साली एका इटालियन कामगाराने ते चोरले, आणि पकडला गेल्यावर सांगितले, की नेपोलियनने लुटून नेलेली आमची ठेव मी घरी आणली! १९१४ मध्ये चित्र पॅरिसला परत आले. एकाच खोलीत समोरासमोर दोन चित्रे. ज्याच्यावर लुटीचा आळ आला ते निर्दोष, आणि खरे लुटीचे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

लंडनला गेलो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये पुन्हा एक घोडा भेटला. हे संग्रहालय लूव्रच्याही आधीचे, पार्लमेंटच्या कायद्याने १७५३ साली स्थापन झालेले आणि १७५९ पासून लोकांना खुले. आत जायला पैसे पडत नाहीत. अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉन नावाचे देऊळ आहे, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातले. त्याच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी माथ्यावर एका टोकाला सूर्याचा रथ वर येतो आहे आणि दुसऱ्या टोकाला चंद्रदेवतेचा रथ समुद्रात बुडतो आहे, असा देखावा कोरला होता. त्या चंद्ररथाच्या एका घोड्याचे डोके लंडनमध्ये आहे. रात्रभर रथ ओढून दमलेला घोडा. डोळे बाहेर आलेले, तोंड उघडे, खालचा ओठ लोंबलेला. मी असंख्य मूर्ती पाहिल्या आहेत, पण थकवा दगडात असा कोरलेला दुसरीकडे पाहिला नाही. उसाच्या गाडीचा बैल घाट चढून आल्यावर कसा दिसतो ते आठवा.

पार्थेनॉनच्या दुर्दैवातही व्हेनिसचा हात आहे. १६८७ साली व्हेनिसच्या फौजेने अथेन्सला वेढा दिला. तुर्कांनी देवळात दारूगोळा साठवला होता. व्हेनिसचा गोळा तिथे पडला आणि दोन हजार वर्षे उभे असलेले देऊळ मधोमध फुटले. विजयी सेनापती मोरोसिनी याने मग पश्चिमेकडच्या माथ्यावरचे घोडे घरी न्यायचे ठरवले. आधी चार आणले होतेच! पण उतरवताना दोर तुटले, आणि ते दगडी घोडे खाली पडून चक्काचूर झाले. १८०१ पासून पुढे काही वर्षे इंग्रजांचा वकील लॉर्ड एल्गिन याने तुर्की सरकारच्या परवानगीचा हवाला देऊन उरलेल्यापैकी बरीचशी शिल्पे काढली, काही करवतीने कापून. त्या परवान्याची मूळ प्रत आज उपलब्ध नाही, एक इटालियन भाषांतर तेवढे आहे. १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. एल्गिनचा खर्च त्याहून पुष्कळ जास्त झाला होता.

ग्रीस ती परत मागतो आहे. २००९ मध्ये त्यांनी अथेन्सच्या टेकडीच्या पायथ्याशी नवे संग्रहालय बांधले, आणि जे लंडनला आहे त्याच्या जागी प्लॅस्टरच्या प्रती बसवल्या. पिवळसर जुन्या संगमरवराच्या ओळीत त्या पांढऱ्या फटफटीत प्रती मुद्दाम उठून दिसतात. २०२३ मध्ये पोपने आपल्याकडचे तीन तुकडे परत केले. लंडनचे म्हणणे असे, की १९६३ च्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांना संग्रहातली वस्तू सहसा देताच येत नाही. शिवाय इथे जगभरच्या वस्तू एका छपराखाली, फुकट पाहता येतात. या म्हणण्यात काहीच अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. एल्गिनने नेले नसते तर पुढच्या लढायांत आणि अथेन्सच्या धुरात त्यांचे काय झाले असते, हा प्रश्नही खोटा नाही. पण घराला आग लागली म्हणून शेजाऱ्याने आपली पेटी उचलून नेली, तर आग विझल्यावर ती कोणाच्या माजघरात असावी?

त्याच इमारतीत आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे काचेच्या दालनात आहेत. जवळच दुसऱ्या संग्रहालयात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे; १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा इंग्रजांनी नेला. 'लूट' हा शब्दही इंग्रजीने आपल्याकडूनच उचलला, हिंदीतून. ज्या संग्रहालयात तो वाघ आहे, तिथलीच वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली, आणि सातारला लोकांनी रांगा लावून पाहिली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळालेली. ती शिवछत्रपतींची, असा मजकूर पेटीवर आहे. पण अफजलखानाच्या भेटीच्या वेळची तीच, याची खातरजमा होऊ शकलेली नाही, हे संग्रहालयानेच म्हटले आहे. वर्गात मुलांना वाघनखांची गोष्ट सांगताना शिक्षकांनी हेही सांगावे. मुले त्याने निराश होत नाहीत, उलट कान टवकारतात, असा माझा अनुभव आहे.

परतीच्या गाडीत पत्नीने विचारले, "आपण कोणाचं काही आणलं नाही का हो?"

आणले आहे. दूर जायला नको. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. मराठ्यांच्या पराक्रमाचे ते एक शिखर, आणि त्याचा अभिमान कोणाला नाही? वसईच्या मुलखातील गिरिजाघरांच्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर त्यांतली एक आहे. ती इतकी नावाजली की मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणायची पद्धत पडली. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक आहे. आपले पूर्वज नेपोलियनपेक्षा एका बाबतीत बरे, की त्यांनी घंटा आणून घंटेच्याच कामाला लावली, दिवाणखान्यात मांडून ठेवली नाही. पण ती कोणाच्या तरी गावात वाजत होती, हे तेवढ्याने पुसले जात नाही. आणि ते गावकरी काही समुद्रापार निघून गेले नाहीत. वसईचे ख्रिस्ती बांधव आजही तिथेच भातशेती आणि फुलबागा करतात, आणि घरात मराठीचीच बोली बोलतात.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पत्नीने सातवीच्या वर्गाला घोड्यांची आणि घंटांची ही हकिकत सांगितली. एका मुलाने लगेच विचारले, "बाई, मग घंटा परत द्यायची का?" वर्गात दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, देवाची घंटा देवळातून काढायची कशी? त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, ती आधीसुद्धा देवाच्याच घरात होती. तिने दोन्ही म्हणणी फळ्यावर लिहून ठेवली आणि तास संपवला.

या हिवाळ्यात वाई-मेणवलीकडे सहल नेणाऱ्या शिक्षकांनी घाटावर आंघोळीची घाई करण्याआधी मुलांना त्या घंटेखाली नेऊन उभे करावे, आणि तिच्या अंगावर काय काय कोरले आहे ते वहीत उतरवून घ्यायला सांगावे. सकाळच्या उन्हात ते चांगले दिसते.